भामट्यांचं पंचांग

गणपतीचं रिझर्व्हेशन, ई-केवायसीची मुदत, निकालाचा दिवस, लग्नसराई... आपण ज्याची वाट बघत असतो, नेमकं तेच नाव घेऊन सायबर भामटे मोबाइलवर हजर होतात. हा योगायोग नाही. त्यांचंही एक वेळापत्रक असतं आणि ते आपल्याला वाचता येतं.

रायगडच्या किनाऱ्यावर डोलजाळं लावणारा कोळी मासळीच्या मागे धावत नाही. तो जाळं एका जागी पक्कं बांधतो, त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करतो आणि थांबतो. पाणी आलं की मासळी आपसूक आत येते. मात्र त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते, ती म्हणजे तिथी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, तेव्हा जाळं भरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी मंद असतं, तेव्हा बऱ्याचदा हात हलवत परत यावं लागतं. करंज्यातल्या पोरांना हे नव्याने सांगायला नको.

ऑनलाइन फसवणुकीतलं ‘फिशिंग’ हे नाव मासेमारीवरूनच आलं. पण ते ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ टाकून बसलेला एकटा माणूस येतो. खरं तर हा धंदा डोलजाळ्यासारखा चालतो. भामटा तुम्हाला शोधत येत नाही. लोक कुठल्या दिशेने वाहतायत तेवढं बघतो आणि तिथे जाळं लावून ठेवतो. इथली भरती-ओहोटी बातम्यांची असते, सणांची असते, सरकारी मुदतींची असते.

याचा एक मोठा फटका करंज्याच्या शेजारी, उरण तालुक्यातच बसला होता.

न्हावा-शेवा थांबलं, तो मंगळवार

२७ जून २०१७. करंज्याहून उरण ओलांडून पुढे गेलं की जेएनपीटी लागतं. तिथल्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या टर्मिनलचे कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली ‘एपीएम टर्मिनल्स’ ही कंपनी चालवत होती. आजच्या बंदरात क्रेनपेक्षाही माहितीला किंमत असते. कुठला कंटेनर कुणाचा, तो कुठल्या रांगेत ठेवलाय, कुठल्या जहाजावर चढायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गेली की लोखंडाचे हजारो डबे नुसते उभे राहतात. तसंच झालं. टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि बाहेर ट्रेलर खोळंबले. ज्यांच्या घरात कुणी ट्रेलरवर आहे, त्यांना एका दिवसाचा खोळंबा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

त्या मालवेअरला पुढे ‘नॉटपेट्या’ असं नाव पडलं. स्क्रीनवर खंडणीची मागणी दिसायची, पण पैसे भरूनही फाइल्स परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. उद्देश नासधूस हाच होता. त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी ‘मीडॉक’ नावाचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधूनच मालवेअर सोडलं. ज्यांचं युक्रेनमध्ये ऑफिस होतं त्या कंपन्यांच्या नेटवर्कमधून ते जगभर पसरलं आणि मर्स्कमार्गे थेट आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचलं. मर्स्कला पुढच्या सुमारे दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कंपनीने स्वतःचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. जगभरातलं एकूण नुकसान १० अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचा अमेरिकी सरकारचा अंदाज होता. २०२० मध्ये अमेरिकेने या प्रकरणात रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेतल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.

आता तारखेकडे पुन्हा बघा. २८ जून हा युक्रेनचा संविधान दिन, राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. हल्ला झाला आदल्या दिवशी. लोक सुट्टीच्या मूडमध्ये, ऑफिसं रिकामी होत आलेली. उरणच्या वेशीवर ट्रेलर थांबले, त्याचं एक कारण तीन-चार देश पलीकडच्या कॅलेंडरवरची एक लाल तारीख हे होतं.

सुट्टी कुणाची, कमाई कुणाची

सुट्टी साधून हात मारायची ही पद्धत त्याआधीही दिसली होती. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर पडलेला ऑनलाइन दरोडा आठवा. चोरांनी सुरुवात केली ४ फेब्रुवारीला, गुरुवारी रात्री. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. पैसे होते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये, तिथे सुट्टी शनिवार-रविवार. पैसे वळवले गेले फिलिपिन्समधल्या मनिला शहरात आणि तिथे सोमवारी, ८ फेब्रुवारीला, चिनी नववर्षाची सुट्टी. ढाक्यात कुणी जागं झालं तर न्यूयॉर्क झोपलेलं, न्यूयॉर्क उठलं तर मनिला बंद. तीन देशांच्या सुट्ट्या एकापुढे एक लावून चोरांनी चार दिवसांची मोकळीक मिळवली. मागणी जवळपास ९५ कोटी डॉलरची होती. बरेचसे व्यवहार अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचलेच.

हे सगळं परदेशातलं वाटतंय? मग पुण्यात या. कॉसमॉस बँकेवरचा हल्ला झाला ११ ऑगस्ट २०१८ ला. तो शनिवार होता, तोही महिन्यातला दुसरा. म्हणजे बँकांना सुट्टी. बनावट कार्डं वापरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या एका खात्यात जवळपास १४ कोटी वळवले. एकूण आकडा ९४ कोटींच्या पुढे गेला. दोन दिवसांनी स्वातंत्र्यदिन होता.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने आणि तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेने मिळून कंपन्यांना जाहीर इशाराच दिला की वीकेंड आणि सणांच्या सुट्ट्या आल्या की जास्त सावध राहा. त्याच वर्षी कसेया या कंपनीमार्गे झालेला मोठा रॅन्समवेअर हल्ला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, २ जुलैला झाला होता.

थोडक्यात, पंचांगाचा पहिला उपयोग हा असा. समोरचा गाफील कधी असेल ते शोधायचं. दुसरा उपयोग आपल्यासारख्या सामान्य माणसांवर होतो. समोरचा आतुर कधी असेल, ते शोधायचं.

बातमी ताजी, जाळं तयार

जानेवारी २००७ मध्ये युरोपात ‘किरिल’ नावाचं मोठं वादळ घोंघावत होतं. वादळ चालू असतानाच लोकांच्या इनबॉक्समध्ये ईमेल यायला लागले. विषय होता, युरोपातल्या वादळात २३० जणांचा मृत्यू. सोबत ‘पूर्ण बातमी’ अशा नावाची फाइल. ती उघडली की कॉम्प्युटर हल्लेखोरांच्या ताब्यात. या मालवेअरचं नावच ‘स्टॉर्म वर्म’ पडलं. वादळ ओसरलं, पण ईमेल थांबले नाहीत. फक्त विषय बदलले. व्हॅलेंटाइन डे आला की प्रेमपत्रं, नवं वर्ष आलं की शुभेच्छा. आतला माल तोच, वेष्टन ऋतूप्रमाणे.

कोरोनात हेच आपण सगळ्यांनी अनुभवलं. २८ मार्च २०२० ला ‘पीएम केअर्स’ निधीची घोषणा झाली आणि लगोलग त्याच्यासारखाच दिसणारा बनावट यूपीआय आयडी फिरायला लागला. खऱ्यात आणि खोट्यात फरक होता एका अक्षराचा. शेवटचा ‘एस’ नव्हता. मदत करायला निघालेल्या माणसाची नजर अशा वेळी एका अक्षरावर थांबत नाही. पुढच्या वर्षी लसीकरण १८ वर्षांवरच्या सगळ्यांना खुलं झालं आणि स्लॉट मिळेना, तेव्हा ‘लशीसाठी नोंदणी करा’ असं सांगणारं बनावट अँड्रॉइड अॅप एसएमएसमधून पसरलं. ते मोबाइलमध्ये शिरलं की तुमच्या फोनबुकमधल्या सगळ्यांना तोच एसएमएस पाठवायचं.

१९ जुलै २०२४ ला तर गंमतच झाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तो सायबर हल्ला नव्हताच. पण बिघाड दुरुस्त करून देतो असं सांगणाऱ्या बनावट वेबसाइट्स आणि फाइल्स मात्र लगेच निघाल्या आणि भारताच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला त्याबद्दल सावध करावं लागलं.

दुःखालाही हे लोक सोडत नाहीत. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. सारा देश सुन्न होता. पुण्याच्या क्विक हीलच्या ‘सेकराइट’ विभागाने नंतर दाखवून दिलं की अवघ्या दोन दिवसांत त्या हल्ल्याचा अहवाल असल्याचं भासवणारी पीडीएफ तयार झाली होती. सरकारी आणि संरक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या पासवर्डवर तिचा डोळा होता आणि बोट रोखलं गेलं ते पाकिस्तानशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका हॅकर गटाकडे. पुढे ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात भारतातल्या यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यातले फक्त दीडशे यशस्वी झाले, असं महाराष्ट्र सायबरच्या अहवालात म्हटलं होतं.

मुदत वाढली, जाळंही वाढलं

आता घराच्या ओट्यावर येऊ. आपल्या राज्यात मुदत ही एक वेगळीच भरती आहे.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची, हा नियम २०२५ मध्ये घरोघरी पोहोचला. पहिली मुदत होती ३१ मार्च. मग ती वाढली, परत वाढली. प्रत्येक वेळी बातमी, प्रत्येक वेळी ‘आता दंड होणार’ अशी कुजबुज आणि प्रत्येक वेळी लोक गुगलवर शोधायला मोकळे. बनावट बुकिंग वेबसाइट्स निघाल्या त्या याच काळात. ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल व्हॉट्सअॅपवर फिरायला लागली, तीही अशीच. गाडी आहे आणि दंड बसलाय का याची मनात धाकधूक आहे, असे लोक कमी का आहेत?

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. कोट्यवधी महिला, दीड हजार रुपये थांबण्याची भीती, अडकणारी वेबसाइट, न येणारा ओटीपी. यापेक्षा मोठं उधाण कुठलं? लगेच त्या नावाच्या खोट्या वेबसाइट्स दिसायला लागल्या आणि अधिकृत संकेतस्थळ एकच आहे, हे परत परत सांगण्याची वेळ आली. पीएम किसानच्या हप्त्याचंही तेच. हप्ता ठरावीक महिन्यांनी येतो आणि त्याच नावाच्या बनावट अॅपची फाइलही गावच्या ग्रुपवर फिरते. त्याआधी २०२२ मध्ये ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ हे मेसेज राज्यभर फिरले होते आणि महावितरणला सावधगिरीचं आवाहन करावं लागलं होतं.

करंज्यासारख्या गावाचा विचार करा. जून-जुलैत मासेमारी बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हातात रोकड कमी आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या हंगामाची तयारी डोक्यात. अशा वेळी ‘डिझेल परताव्यासाठी केवायसी पूर्ण करा’ असा मेसेज आला तर? हे उदाहरण मी केवळ कल्पना म्हणून देतोय. पण भामट्याला ही कल्पना सुचायला वेळ लागणार नाही, कारण बंदीच्या तारखा सरकारच जाहीर करतं.

आणि आता लग्नपत्रिका. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचं आमंत्रण आलं. लग्नाला जरूर या, तारीख ३० ऑगस्ट. खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती उघडली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके फाइल होती.

यात एक बारकी गोष्ट आहे. २०२५ च्या ३० ऑगस्टला चातुर्मास चालू होता आणि घरोघरी गणपती बसलेले होते. आपल्याकडे त्या दिवसांत लग्नाच्या पत्रिका सहसा येत नाहीत. म्हणजे जाळं टाकणाऱ्याचं पंचांग इथे चुकलं होतं, तरीही ते चाललं. मग ऐन मे महिन्यात, दिवसाला दोन-दोन पत्रिका येत असताना काय होईल, याचा अंदाज करा.

एपीके आत गेल्यावर काय करते?

एपीके म्हणजे अँड्रॉइड अॅपची फाइल. प्ले स्टोअरला वळसा घालून ती थेट मोबाइलमध्ये बसवता येते. फोन आधी विचारतो, ‘अनोळखी ठिकाणाहून अॅप बसवू का?’ आपण घाईत ‘हो’ म्हणतो. मग अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी ‘अॅक्सेसिबिलिटी’ची मागतं. ही दुसरी परवानगी म्हणजे घराच्या किल्ल्या देणं. स्क्रीनवर काय चाललंय ते बघता येतं, आपल्या वतीने बटणं दाबता येतात. ओटीपी येतो तो आपल्या आधी त्याला दिसतो. अनेकदा अॅपचं चिन्ह गायब होतं आणि ते पाठीमागे काम करत राहतं.

त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे, अशी बरीच अॅप्स तुमच्याच नंबरवरून तुमच्या ओळखीच्यांना तीच फाइल पाठवतात. त्यामुळे ‘अनोळखी नंबरवरून आलेली लिंक उघडू नका’ हा सल्ला आता पुरत नाही. फाइल मामाच्या नंबरवरून येते, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून येते, कॉलेजच्या ग्रुपवर वर्गमित्राकडून येते.

‘मी नाही फसणार’ हे गणित का चुकतं?

आपल्याला वाटतं, फसतात ते भोळे लोक. जरा हिशोब करून बघू. समजा एका भामट्याने हजार जणांना ‘तुमच्या पार्सलचा पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा’ असा मेसेज पाठवला. एरवी त्या हजारांतल्या पन्नास जणांचंच पार्सल यायचं असेल. उरलेले ९५० जण मेसेज वाचून हसतील. तोच मेसेज दिवाळी सेलच्या आठवड्यात पाठवला, तर निम्म्या लोकांचं काही ना काही वाटेत असेल. मेसेज तोच, खर्च तोच, भाषाही तीच गचाळ. पण आता पाचशे जणांना तो स्वतःबद्दलचा वाटतो.

म्हणजे भामटा हुशार झालेला नाही. त्याने आपला अभ्यास केलेला नाही. आपणच त्या आठवड्यात त्याच्या वाक्यात बसतो. आणि एकदा ‘हो, हे माझंच’ असं वाटलं की पुढची शंका येत नाही. शुद्धलेखनाच्या चुका दिसत नाहीत, लिंकमधलं जास्तीचं अक्षर दिसत नाही. आपण ज्याची वाट बघत असतो ते समोर आलं की आधी हायसं वाटतं. शंका नंतर येते, बहुतेक वेळा पैसे गेल्यावर.

म्हणून उलटा नियम लक्षात ठेवा. जो मेसेज अगदी वेळेवर आला, त्याच्याकडे दोनदा बघायचं.

कॉलेजचं वर्ष, जाळ्यांचं वर्ष

विद्यार्थ्यांचं आयुष्य तर तारखांनीच बांधलेलं. बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राउंड, स्कॉलरशिपचा अर्ज, इंटर्नशिप, प्लेसमेंट. प्रत्येक तारखेआधी आपण आतुर, म्हणून प्रत्येक तारीख कुणाच्या तरी कामाची.

कोल्डप्लेचं उदाहरण ताजं आहे. २२ सप्टेंबर २०२४ ला तिकिटं खुली झाली आणि बघता बघता संपली. शो होते पुढच्या जानेवारीत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मधले जवळपास चार महिने म्हणजे ‘माझ्याकडे दोन एक्स्ट्रा आहेत’ म्हणणाऱ्यांचा हंगाम. इतरत्र विकली जाणारी तिकिटं बनावट असू शकतात, असं तिकिटं विकणाऱ्या अधिकृत कंपनीने जाहीर केलं होतं. उरणपर्यंत लोकल आलीये, नेरुळ हाकेवर आहे, मग इतक्या जवळचा शो कसा सोडायचा? हा मोहच भामट्याचं भांडवल.

पण उरण-पनवेलच्या पोरांसाठी याहून मोठी गोष्ट नोकरीची. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. बंदर, गोदामं, अटल सेतू आणि आता विमानतळ. ज्यांच्या आजोबांनी प्रकल्पांना जमिनी दिल्या, त्या घरांत ‘आमच्या पोराचं काय?’ हा प्रश्न किती वर्षांपासून आहे. त्यामुळे ‘ग्राउंड स्टाफ भरती, दहावी-बारावी पास, स्थानिकांना प्राधान्य, रजिस्ट्रेशन फी फक्त १,५०० रुपये’ असा मेसेज आला, तर तो नुसता मेसेज राहत नाही. दोन पिढ्यांच्या आशेला तो हात घालतो. म्हणूनच इथे नियम कडक हवा. नोकरी देणारा पैसे घेत नाही. युनिफॉर्मचे नाही, मेडिकलचे नाही, ‘रिफंडेबल डिपॉझिट’चेही नाही.

आणखी एक जाळं आहे, त्यात विद्यार्थी मासा म्हणून नाही, जाळ्याची दोरी म्हणून वापरला जातो. ‘तुझं बँक खातं महिनाभर दे, कमिशन देतो.’ फसवणुकीचे पैसे फिरवायला भामट्यांना खाती लागतात. पोलिसांचा माग लागतो तेव्हा पहिलं नाव खातेदाराचं येतं. कॉसमॉसच्या प्रकरणात मूळ सूत्रधार परदेशातच राहिले. कोल्हापूरसह काही शहरांतल्या एटीएममधून पैसे काढणारे मात्र सापडले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. खिशात येणारे दोन-पाच हजार आणि नावावर लागणारा गुन्हा, यांचा हिशोब ज्याने त्याने करावा.

घरातलं आयटी डिपार्टमेंट

२०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. म्हणजे वर्षात तिप्पट. या आकड्यात कुणाचे पीएफचे पैसे आहेत, कुणाच्या होडीच्या इंजिनाचे, कुणाच्या मुलीच्या फीचे.

बहुतेक घरांत आईचा ई-केवायसी, बाबांचं चलन, आजीचा पेन्शनचा दाखला, हे सगळं मोबाइलवर करून देणारं माणूस एकच असतं. ते म्हणजे तुम्ही. तेव्हा दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत.

पहिली, आधी सांगणं. ‘कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका’ हे वाक्य घरात कुणी ऐकत नाही, कारण ते पाळताच येत नाही. त्याऐवजी ‘आई, या महिन्यात लाडकी बहीणच्या नावाने खोटे मेसेज येतील, आला तर आधी मला दाखव’ हे वाक्य लक्षात राहतं. हवामान खातं वादळाआधी बावटा लावतं, तसा तुम्ही ग्रुपवर एक मेसेज टाकायचा. बातमी मोठी झाली किंवा मुदत जाहीर झाली की त्याच दिवशी.

दुसरी, नंतर न ओरडणं. फसलेला माणूस आधीच शरमेने गप्प असतो. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे ऐकायच्या भीतीने बाबा दोन दिवस काही बोलत नाहीत आणि त्या दोन दिवसांत पैसे पाच खात्यांतून फिरून निघून जातात. सायबर गुन्ह्यात पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. ते तास वाचवायचे असतील, तर घरात सांगायची भीती वाटता कामा नये.

डोलजाळं टाकणारा माणूस पाण्याची ओढ बदलू शकत नाही. तो फक्त ती ओळखतो. आपणही गणपती, निकाल, सेल आणि मुदती थांबवू शकत नाही, थांबवायचं कारणही नाही. पण आपल्याला आज कुठल्या गोष्टीची घाई झालीये, हे स्वतःला विचारता येतं. उत्तर मिळालं की पुढचा खोटा मेसेज कुठल्या नावाने येणार, तेही कळतं.

चौकट : बारा महिन्यांचं पंचांग

जानेवारी : नववर्षाच्या शुभेच्छांची फाइल, मोठ्या सोहळ्यांचे पास. २०२४ मध्ये अयोध्येच्या सोहळ्याआधी ‘व्हीआयपी पास’च्या नावाने एपीके फिरली होती.

फेब्रुवारी-मार्च : परीक्षेचा ‘फुटलेला पेपर’, आर्थिक वर्षअखेरीची केवायसी, पॅन बंद होण्याची धमकी.

एप्रिल-मे : लग्नपत्रिका, आयपीएलची तिकिटं, चारधाम-केदारनाथचं हेलिकॉप्टर बुकिंग, निकालाच्या लिंक.

जून-जुलै : प्रवेश, ‘मॅनेजमेंट कोट्यातली सीट’, स्कॉलरशिप, इन्कम टॅक्सचा रिफंड. २०२१ मध्ये अशाच रिफंडच्या नावाने ‘ड्रिनिक’ हे मालवेअर २७ बँकांच्या ग्राहकांवर सोडलं होतं.

ऑगस्ट-सप्टेंबर : कोकणची कन्फर्म तिकिटं, मंडळांची वर्गणी मागणारे खोटे क्यूआर कोड.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : सेल, पार्सल, बोनस, कॅशबॅक, पेन्शनरांचा हयातीचा दाखला.

डिसेंबर : थर्टी फर्स्टच्या पार्ट्या, व्हिला बुकिंग, वर्षअखेरीच्या मुदती.

बाराही महिने : वीज बिल, चलन, नोकरी.

आणि फाइल उघडली गेलीच तर?

• लगेच वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका.

• दुसऱ्या फोनवरून १९३० या हेल्पलाइनवर कॉल करा आणि बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवा.

• ते अॅप काढून टाका. चिन्ह दिसत नसेल तर सेटिंगमधल्या अॅप्सच्या यादीत शोधा. शंका राहिली तर स्क्रीनशॉट आणि व्यवहारांची माहिती जपून ठेवून फोन फॅक्टरी रीसेट करा.

• पासवर्ड बदला, पण त्याच फोनवरून नको.

• आपल्या ग्रुपवर सांगा की माझ्या नंबरवरून फाइल आली असेल तर उघडू नका. थोडी लाज वाटेल, पण मामाचे पैसे वाचतील.